जावयाला टाकलेला शब्द

तिरंदाजीच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेने माझी चौकशी केली, हे मी स्वतःहूनच सांगून टाकतो. मी नाही सांगितलं तर गोधणी रोडवरच्या आमच्या कॉलनीतलं कोणीही सांगेल, आणि त्यात सट्टा, अटक आणि परदेशातलं खातं या तीन गोष्टी पदरच्या घालील. अटक झालेली नाही. खातं एकच आहे आणि त्यात पेन्शन येते. बाकी झालं ते मात्र खरं आहे. ते आठवलं की अजूनही मी चालता चालता एकटाच ‘अरे अरे अरे’ म्हणतो. बायको विचारते, काय झालं? मी सांगतो, कंबर दुखते.

मी नीळकंठ पिंपळापुरे. पाटबंधारे खात्यातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालो. चौतीस वर्षांत कोणाचं पाकीट घेतलं नाही आणि कोणाला दिलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. शब्द मात्र टाकला. शब्द टाकणं ही विद्याच वेगळी आहे. कोणाची बदली थांबवायची असो की कोणाच्या भाच्याचा दाखला अडलेला असो, योग्य माणसाकडे योग्य वेळी जायचं, चहा अर्धा होऊ द्यायचा आणि हळूच म्हणायचं, ‘जरा सांभाळून घ्या, साहेब.’ काय सांभाळायचं ते बोलायचं नाही. समोरचा समजतो. या एका वाक्यावर मी अर्धा जिल्हा चालताना पाहिला आहे. ते वाक्य जगात सगळीकडे चालतं अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

माझी मुलगी आभा भारताकडून तिरंदाजी खेळते. मागच्या फेब्रुवारीत तिने किनले नावाच्या भूतानच्या तिरंदाजाशी लग्न केलं. ते कसं जमलं हे मला विचारू नका, आम्हालाही ते जमल्यावरच कळलं. मुलगा चांगला आहे. उंचीने बेताचा, बोलण्यात त्याहून बेताचा, हिंदी टीव्हीवरून शिकलेला. लग्न रजिस्टर केलं, जेवायला चाळीस माणसं. अंगठी घ्या म्हटलं तर म्हणाला, बोटात अंगठी असली की दोरी ओढता येत नाही. कपडे घ्या म्हटलं तर त्याच्या देशाचा गुडघ्यापर्यंतचा पोशाख तो घेऊनच आला होता. आता आमच्याकडे जावई म्हणजे रुसण्याचा परवाना मिळालेला माणूस. मी स्वतः एका मनगटी घड्याळासाठी भर मांडवात पाऊण तास रुसलो होतो. आणि हा पोरगा काहीच मागेना. जावई मानपान घेत नाही म्हटल्यावर सासऱ्याला ते नातं कुठून धरावं तेच कळत नाही.

लग्नाला कॉलनीला बोलावलं नव्हतं. कॉलनीने ते मनात ठेवलं. सगळ्यांत जास्त मनात ठेवलं आमचे शेजारी भगवानराव यांनी. ते निवृत्त मुख्याध्यापक आणि कॉलनीचे तहहयात अध्यक्ष. लग्नानंतर आठच दिवसांनी ते कुंपणावर कोपर टेकवून उभे राहिले.

“नीळकंठभाऊ, आता आभा कोणाकडून खेळन?”

“भारताकडून,” मी म्हणालो.

“पण सासर तं भूतान हाय ना?”

मी नियम समजावून सांगितला. तो भूतानकडून खेळतो, ती भारताकडून, लग्नाचा आणि संघाचा काही संबंध नाही. तेवढ्यात त्यांच्या सौभाग्यवती इंदूबाई हात पुसत बाहेर आल्या.

“असं कसं बाप्पा? पोट्टीचं आडनाव बदलते, गोत्र बदलते, रेशन कार्ड बदलते. मंग निशाणच तेवढं माहेरचं कायले?”

“इंदूबाई, तसा नियम आहे.”

“आन् घरात भांडण नाई होत?”

“नाही होत.”

“नाई होत तं मंग कायचं खेळणं?” असं म्हणून त्या आत गेल्या. त्यानंतर सहा महिने मी भाजीला गेलो, दळणाला गेलो, नाहीतर हनुमानाच्या देवळात गेलो, तरी लोक मला माझ्या मुलीचं नागरिकत्व विचारत होते. एकाने तर मतदार यादीचा विषय काढला.

म्हणून मी एक लहानसा बेत केला. माझं सगळं वाटोळं लहान बेतांनीच झालेलं आहे, मोठे बेत करण्याची माझी ऐपत नाही. सप्टेंबरात थायलंडला मोठी स्पर्धा होती. म्हटलं, देवळाच्या सभामंडपात एक पडदा लावू, प्रोजेक्टर भाड्याने आणू, सगळ्यांना चहा देऊ. भारताच्या जर्सीत, पाठीवर भारताचं नाव घेऊन आभा बाण मारताना दिसली की प्रश्न कायमचा मिटेल. आरतीनंतर मी तशी घोषणा करून टाकली. शुक्रवारी सकाळी साडेनऊला, मिश्र जोडीचा सामना.

बुधवारी सामने कसे लागले ते कळलं. पहिल्याच फेरीत भारत विरुद्ध भूतान. भारताकडून आभा आणि हरियाणाचा एक मुलगा, भूतानकडून किनले आणि त्यांची एक मुलगी. जी जोडी हरेल ती घरी.

“कोणत्या घरी?” इंदूबाईंनी विचारलं.

आता फ्लेक्सचं सांगतो. यवतमाळात फ्लेक्सशिवाय कार्यक्रम झाला तर तो झाला असं कोणी धरत नाही. मी पिंटूच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, काका, दोघांचे फोटो पाठवा आणि मजकूर माझ्यावर सोडा. दोघांचा एकत्र असा एकच फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता, लग्नाचा. संध्याकाळी चौकात फ्लेक्स लागला. मुंडावळ्या बांधलेली आभा, हार घातलेला किनले, दोघांच्या मध्ये लाल अक्षरांत ‘विरुद्ध’. खाली वेळ आणि स्थळ. त्याच्या खाली पिंटूच्या संगणकात लग्नाचा जो साचा कायम भरलेला असतो तो जसाच्या तसा आला होता: ‘आपली उपस्थिती हाच आशीर्वाद. कृपया आहेर आणू नये. आपले नम्र, पिंपळापुरे परिवार.’

कृपया आहेर आणू नये, हे वाचलं की आमच्याकडे माणूस आहेर घ्यायला बाजारात जातो. फ्लेक्सचा फोटो मारेगावपर्यंत गेला. बायकोच्या, म्हणजे कुंदाच्या, मामांचा फोन आला, “उशिरा का होईना, पण रिसेप्शन ठेवलं हे चांगलं केलं जवाईबापू. आम्ही सहा जण येऊन राह्यलो.” मी त्यांना ‘विरुद्ध’ या शब्दाकडे लक्ष द्यायला सांगितलं. ते म्हणाले, “आजकालच्या पोट्ट्यांच्या फॅशनी असतात तशा.”

परवानगीची वेगळीच कथा झाली. फ्लेक्ससाठी नगरपालिकेत अर्ज भरायला गेलो तर त्यात कार्यक्रमाच्या स्वरूपाचे चार चौकोन होते: धार्मिक, लग्नकार्य, राजकीय, वाढदिवस. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, “यातलंच एक सांगा.” मी म्हणालो, खेळ. “खेळाचा चौकोन नाई ना काका. विदेशी माणूस येणार हाय काय?” म्हटलं, येणार आहे, पण पडद्यावर. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि लग्नकार्यावर खूण केली. चौतीस वर्षं मीच लोकांना अशा चौकोनांत बसवत आलो होतो, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हतं.

गुरुवारी सकाळी भगवानराव परत कुंपणावर आले. अशा माणसांना कुंपण का देतात कोण जाणे.

“भाऊ, मी रातभर विचार केला. ह्या मॅचमधी तुमची पोरगी सापडली हो.”

“म्हणजे?”

“आभा हरली तं लोक काय म्हणतीन? नवऱ्यासाठी हरली. देशाची खेळाडू, पण सासरकडं झुकली. मी नाई म्हणत, लोक म्हणतीन.”

“आणि जिंकली तर?”

“जिंकली तं कोणी काई म्हणत नाई. जिंकलेल्याले कोण विचारते?”

हे बोलून ते संडासाच्या टाकीवाल्याला फोन करायला निघून गेले, आणि मी तिथेच उभा राहिलो. पोरगी दहा वर्षांची असल्यापासून धनुष्य उचलते. खांदा दोनदा उतरला. दिवाळीला घरी नाही, रंगपंचमीला नाही. तिच्याबद्दल हनुमानाच्या पारावर बसून कोणी म्हणणार, नवऱ्यासाठी हरली? माझ्या छातीत कळ आली. आता वाटतं, ती खरी कळ असती आणि मी चार दिवस दवाखान्यात पडलो असतो तर किती बरं झालं असतं.

दुपारी चार वाजता, कुंदा झोपलेली असताना, मी जावयाला शब्द टाकला.

मोबाईलवर आवाज भरून पाठवला. तीनदा भरला, दोनदा पुसला. शब्द टाकताना काय सांभाळायचं ते बोलायचं नसतं हे मी वर सांगितलंच आहे. पण समोर भूतानचा माणूस, भाषा हिंदी, त्याला समजेल की नाही ही शंका. म्हणून उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मी खुलासा केला. तो असा होता:

“दामादजी, नमस्ते. मैं पापाजी बोल रहा हूँ. कल आप लोगों का मॅच है. देखो बेटा, शादी में आपने कुछ लिया नहीं, वो आपका बडप्पन है. लेकिन इधर कॉलनी में आभा के नाम का सवाल है. तो जरा संभाल लेना. मतलब आप समझदार हो. एखादा बाण इधर-उधर हो गया तो कौन पूछता है? और खाना टाइम पे खाना.”

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. मग तासभर काहीच नाही. मी देवळात जाऊन पडदा मोजून आलो. पाच वाजता उत्तर आलं, लिहून. “पापाजी, ये मुझे बताना पड़ेगा.”

मी लिहिलं, आभा को मत बताना, उसको टेंशन आएगा.

उत्तर आलं, “आभा को नहीं. ऑफिस को.”

ऑफिस हा शब्द वाचून खरं तर मला धीर आला. ऑफिस मला माहीत आहे. अर्ज येतो, त्याला नंबर पडतो, तो आवकच्या टेबलावरून साहेबांच्या टेबलावर जाईपर्यंत दोन सण होऊन जातात. मधल्या काळात कोणालातरी शब्द टाकता येतो. मी चहा करून प्यायलो. पाच चाळीसला आभाचा फोन आला. तिचा आवाज असा होता की मी उभाच राहिलो.

“बाबा, तुम्ही किनलेले काय बोलले?”

“कुठं काय? जेवत जा म्हटलं.”

“बाबा.”

“तुझ्याचसाठी बोललो बेटा. इथं लोक काय म्हणतील…”

“इथं आमच्या दोघांचे फोन जमा करून राह्यले! दोघांले वेगवेगळ्या खोलीत बसवलं. मले विचारून राह्यले का हे मीच सांगितलं होतं काय बापाले. काहून केलं बाबा तुम्ही असं?”

मग तिने मला जे सांगितलं ते मी आजही नीट उच्चारू शकत नाही. खेळाडूला कोणी हर म्हणालं, मग ते बापाने म्हणू दे की देवाने, तर त्याने ते ताबडतोब कळवायचं असतं. नाही कळवलं तर तो स्वतः गुन्हेगार. किनले गप्प बसला असता आणि पुढे कधी ते उघड झालं असतं, तर त्याचं खेळणं संपलं असतं आणि तिच्यावरही संशय आला असता. त्याने कळवलं म्हणून उद्याचा सामना अजून रद्द झाला नव्हता. आणि त्याच पोराला मी चहा पिता पिता मनातल्या मनात चुगलखोर म्हटलं होतं.

“उद्या सकाळी साडेसातले तुमचं बयान हाय, व्हिडिओवर,” ती म्हणाली. “खरं सांगा. आन् जेवढं विचारतीन तेवढंच सांगा. एक शब्द जास्ती नाई.” फोन तिच्या हातातून कोणीतरी घेतला.

कुंदाला सांगितलं. रात्रीच्या जेवणात तिने भाजीत मीठ घातलं नव्हतं. मी तसंच खाल्लं.

आमच्या घरी इंटरनेट धड चालत नाही. भगवानरावांच्या घरी चालतं. सकाळी सात वाजता मी इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्याकडे गेलो आणि ‘पेन्शनच्या ऑनलाइन हयातीचं काम आहे’ असं खोटं बोललो. त्यांनी मला आतल्या खोलीत बसवलं आणि दार अर्धं उघडं ठेवलं. मी निघालो तेव्हा आमच्या दारात मारेगावची जीप येऊन उभी राहिली होती आणि मामा एक भलंमोठं भिंतीवरचं घड्याळ उतरवून घेत होते.

मोबाईलवर संघटनेच्या एक गोऱ्या बाई आणि शेजारी दिल्लीचा एक दुभाषा दिसला. ‘ये आवाज आपकी है?’ विचारून त्यांनी माझा निरोप मलाच ऐकवला. माझा आवाज इतका लोचट आहे हे मला ठाऊक नव्हतं. ‘खाना टाइम पे खाना’ला बाईंनी भुवई वर केली. तो काही सांकेतिक शब्द आहे का, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, नाही मॅडम, तो खरंच जेवत नाही. कोणाच्या सांगण्यावरून? कोणाच्याच नाही. कोणी पैसे दिले? नाही. आणखी कोणाला माहीत होतं? नाही. सहा मिनिटांत सगळं आटोपलं. बाई म्हणाल्या, ठीक आहे, एवढं पुरे.

इथे उठायला हवं होतं. पण ज्या माणसाने आयुष्यभर साध्या अर्जालाही दोन पंच मागितले, त्याला साक्षीदारांशिवाय दिलेलं बयान पुरेसं वाटेल का? मला वाटलं, कागद कच्चा राहतोय. आणि आभाने नको म्हणून सांगितलेला तो एक जादा शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला. “मॅडम, मेरे पास दो साक्षीदार भी हैं.”

भगवानराव दाराशीच उभे होते, त्यांना यायला वेळ लागला नाही. मागून पदर सावरत इंदूबाई. मी त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं, आणि सांगताना त्यांचे चेहरे कसे उजळत गेले ते पाहिलं. माणसाची लाज दुसऱ्याच्या चेहऱ्यावर इतकी खुलून दिसते हे तेव्हा कळलं.

“नीळकंठभाऊ एक नंबर सरळ मानूस हाय,” भगवानरावांनी मोबाईलच्या अगदी जवळ तोंड नेऊन सांगितलं. दुभाष्याने ते बाईंना सांगितलं. बाईंनी केवळ रीत म्हणून विचारलं, तुम्ही स्वतः या सामन्यावर काही लावलेलं नाही ना?

चाळीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारणाऱ्या या माणसाला खरं बोलायला हाच दिवस सापडला.

“पैसा नाई,” ते म्हणाले. “पेढे.”

“पेढे?”

“अडीच किलो.”

“अडीच?” इंदूबाई ओरडल्या. “मले तं एक किलो म्हणे! आन् कोणावर लावले?”

भगवानराव खाली पाहून म्हणाले, “भूतानवर.”

“शरम नाई वाटत? शेजारची पोरगी खेळून राह्यली! मी आभावर लावले हाय मॅडम. अर्धा किलो. साऱ्या कॉलनीनंच लावले, बावीस घरं हाय आमची.”

पेढ्याला इंग्रजीत काय म्हणतात हे दुभाष्याला आठवेना. तो दूध, दूध असं काहीतरी म्हणाला. बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि मग बावीस घरांची नावं मागितली. इंदूबाईंनी ती घरक्रमांकासह दिली. सहा मिनिटांचं बयान पन्नास मिनिटं चाललं. फोन बंद झाल्यावर भगवानराव म्हणाले, “भाऊ, ते हयातीचं काम झालं काय मंग?”

मी देवळात पोचलो तेव्हा सभामंडप भरला होता. मारेगावचे सहा जण पहिल्या रांगेत. लोक जरीच्या साड्या नेसून आले होते. आहेराची पाकिटं कुंदाच्या हातात कोंबत होते आणि जेवण किती वाजता म्हणून विचारत होते. कोणालातरी पाठवून तर्री-पोह्यांचा एक टोप आणवला. माझं बयान माझ्या आधी सभामंडपात पोचलेलं होतं. मी आत शिरताच गलका थांबला. मग एकजण म्हणाला, “बसा काका, जरा सांभाळून,” आणि मागे दोन-चार जण हसले.

पडद्यावर आभा आली. पाठीवर भारत. कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. बाजूच्या रेषेवर किनले. एरवी दोघं सामन्याआधी एकमेकांच्या मुठीवर मूठ आपटतात, तशी त्यांची पद्धत आहे. त्या दिवशी त्यांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही.

सामना बरोबरीत सुटला. मग निकालासाठी प्रत्येकाचा एकेक बाण. हरियाणाच्या मुलाने नऊ मारला. भूतानच्या मुलीने दहा. आभाने दोरी ओढली, एवढा वेळ धरून ठेवली की मला तिच्या खांद्याची आठवण झाली, आणि सोडली. नऊ. आता किनलेने नऊ मारला असता तर भूतान जिंकलं असतं.

त्याने सात मारला.

सभामंडपात आरोळी उठली. मामा उभे राहून टाळ्या वाजवू लागले. आणि आता जे सांगतो ते मी चौकशीतही सांगितलं नाही, कारण कोणी विचारलंच नाही. त्या क्षणी मला आनंद झाला. मनात आलं, पोराने शब्द राखला. एवढी बोलणी खाऊन, एवढी शोभा करून घेऊन, बाण पडल्याबरोबर माझ्या मनात पहिलं आलं ते हे. मग भगवानरावांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, बावीस घरांनी पाहिलं, आणि मला कळलं की प्रत्येकाच्या मनात तेच आहे.

पडद्यावर आभाने हात वर केले नाहीत.

त्यानंतर दोन महिने चौकशी चालली. त्या एका बाणाची. वारा किती होता, झेंडा कुठे हलत होता, किनलेचे मागच्या वर्षभरातले शेवटचे बाण कसे पडले, सगळं तपासलं. कॉलनीत सात घरांना पत्रं आली. पेढे कोणी कोणालाच दिले नाहीत, कारण आता ते देणं म्हणजे गुन्ह्याची कबुली ठरेल असं भगवानरावांनी जाहीर केलं. माझ्यावर दोन वर्षं कोणत्याही स्पर्धेच्या मैदानात पाय ठेवायला बंदी आली. ते पत्र पोस्टमनने माझ्या सहीसाठी चौकात, चहाच्या टपरीवर, सगळ्यांसमोर आणून दिलं. आभा फोन करायची, पण आईला. मी घेतला तर म्हणायची, “आईले द्या.”

अहवाल आला आणि त्यात दोघं निर्दोष ठरली. वाऱ्याने बाण सरकला, हेतू नव्हता. दिवाळीला ती दोघं आली. जावयाची पहिली दिवाळी, ती टाळता येत नाही. मी चार दिवस आधीपासून बोलायची वाक्यं जुळवत होतो, आणि सगळी वाक्यं ‘अनवधानाने’ या शब्दाने सुरू होत होती.

पाडव्याच्या दुपारी आभा मागच्या ओसरीवर धनुष्याची दोरी मेणाने घासत बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो.

“अहवाल आला ते बरं झालं,” मी म्हणालो. “स्पष्टच लिहिलंय त्यांनी. तू जिंकलीस.”

“हौ,” ती म्हणाली. “चौदा पानं हाय. सारे वाचले मी. मी जिंकली का नाई, ते पाहाले मले चौदा पानं वाचा लागले बाबा.”

मी खाली पडलेला मेणाचा तुकडा उचलून तिच्याजवळ ठेवला.

“बाण पडल्यावर मी हात वर नाई केले. पाह्यलं ना तुम्ही?”

“पाहिलं.”

“मी पह्यले त्याच्याकडं पाह्यलं. मुद्दाम तं नाई सोडला ना म्हणून. तो वाऱ्याले शिव्या देऊन राह्यला होता, डोळ्यात पाणी होतं त्याच्या, आन् मी आपल्याच नवऱ्याकडं चोरावानी पाहून राह्यली होती. त्यानं पाह्यलं मी कसं पाहून राह्यली ते.” तिचा हात दोरीवर थांबला. “तो काई बोलला नाई. आजवर नाई बोलला.”

जुळवलेली वाक्यं कुठे गेली कोण जाणे. “चुकलो बेटा,” मी म्हणालो. माझं मलाच ते ऐकू आलं नसावं, म्हणून परत म्हणालो, “चुकलो मी.”

“मले नका सांगू,” ती म्हणाली. “त्याले सांगा.”

किनले समोरच्या खोलीत होता. कुंदा त्याला आग्रहाने अनारसे वाढत होती आणि तो नाही म्हणायचं कसं या विचारात खात होता. ओसरीपासून ती खोली बारा पावलांवर आहे. मी ती मोजून टाकली. मला पाहून तो रीतीप्रमाणे उठून उभा राहिला. माझ्या हातात द्यायला ना घड्याळ होतं, ना पोशाख.

“दामादजी,” मी म्हणालो, “मुझसे गलती हुई. बहुत बड़ी गलती.”

तो हसला नाही, आणि पायाही पडला नाही, नाहीतर मी सुटलो असतो.

“पापाजी,” तो म्हणाला, “मैं वो मॅच जीतना चाहता था. बहुत. आप फिर कभी ऐसा बोलोगे, तो मैं फिर बता दूँगा.”

“जरूर बताना,” मी म्हणालो, आणि मान वर करायला मला बराच वेळ लागला.